हरवलेली तबकडी आणि कुलुपांतील अक्षरें

‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण ज्या कोणीं प्रथम उच्चारिली, त्यास संगणक ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. परंतु रीतसर पैसे मोजून परवान्यानें घेतलेलें सॉफ्टवेअर, त्याची मूळ सीडी हरवल्यानंतर, नव्या यंत्रावर पुन्हां बसविण्याचा प्रसंग ज्याच्यावर गुदरला आहे, त्यास या म्हणीचा अर्थ कोणत्याहि कोशांत पाहण्याची गरज नाहीं. ज्यानें तेंच सॉफ्टवेअर फुकट लाटलें, त्याचें काम पांच मिनिटांत होतें. ज्यानें दाम मोजला, पावती जपली, परवान्याचा क्रमांक वहींत टिपून ठेविला, तो मात्र दारोदार हिंडतो. हा अन्याय लहानसा दिसतो, आणि लहानसा दिसतो म्हणूनच त्याविरुद्ध फारसें कोणी बोलत नाहीं. आमचें मत असें कीं, निदान मराठीपुरता तरी तो लहान नाहीं. या हरवलेल्या तबकड्यांच्या मागें एका पिढीचें पुष्कळसें मराठी लेखन अडकून पडलें आहे. त्याची किल्ली ज्यांच्या हातीं आहे त्यांजवर ती देण्याची सक्ती नाहीं, आणि ज्यांस ती हवी आहे त्यांस ती हक्कानें मागण्याची संवय नाहीं. हे दोन्ही दोष दूर झाले पाहिजेत, एवढें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

हा विषय आमच्या मनांत घोळूं लागला तो काटेवाडीस. बारामतीहून इंदापुराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव पुष्कळांस राजकारणामुळें परिचित आहे. वारकऱ्यांस तें मेंढ्यांच्या रिंगणामुळें परिचित आहे. पंढरीच्या वाटेवर तुकोबांची पालखी येथें आली म्हणजे परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, आणि धनगरांच्या मेंढ्या पालखीभोंवतीं गोल धांवतात. या गांवीं आमचे एक स्नेही राहतात. प्राथमिक शाळेंतील शिक्षकाच्या नोकरींतून ते निवृत्त झाले. १९९७-९८ च्या सुमारास, पिठाच्या गिरण्यांमुळें घरोघरचीं जातीं मुकीं झालीं असतां, त्यांनीं काटेवाडी व आसपासच्या वस्त्यांवरील वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखाच्या घरांत ओव्या जमविल्या, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. आमच्या स्नेह्यांचा संग्रह त्या मानानें चिमूटभर, सुमारें चारशें ओव्यांचा. बारामतींतील एका लहानशा डीटीपीच्या दुकानांत त्यांनीं तो जुळवून घेतला, मुद्रितें तपासलीं. परंतु छपाईपुरते पैसे कांहीं जमले नाहींत. पुढें वह्यांस वाळवी लागली. ओव्या सांगणाऱ्या स्त्रिया एकेक करून निवर्तल्या. राहिली ती दुकानाच्या संगणकांतील प्रत.

गेल्या वर्षीं हा संग्रह छापण्याचें ठरून आम्ही त्या दुकानीं गेलों. दुकानदार सज्जन. त्यांनीं लोखंडी कपाट उघडून पावती दाखविली, परवान्याचा कागद दाखविला, आणि प्रिंटरची तार जोडण्यासाठीं जुन्या संगणकांस जें पंचवीस टांचण्यांचें तोंड असे त्यांत बसवावयाचें कुलूप, ज्यास धंद्यांत डाँगल म्हणतात, तेंहि दाखविलें. दिसली नाहीं ती एकच वस्तु : मूळ सीडी. तीन वेळां दुकान हलविलें होतें, एकदां पावसाचें पाणी शिरलें होतें. त्यांत ती कोठें गेली कोण जाणे. जुना संगणक तर कायमचा बंद पडला होता. त्याच्या हार्ड डिस्कवरून मजकुराच्या फाईली कशाबशा काढतां आल्या, अक्षरसंच मात्र हातीं लागले नाहींत. आणि नव्या यंत्रावर फाईल उघडली तेव्हां ओव्यांच्या जागीं रोमन अक्षरें, आंकडे, आणि डॉलर-पौंडांचीं चिन्हें दिसलीं. विक्रेत्याकडे, तो कोण हें येथें महत्त्वाचें नाहीं, परवान्याच्या क्रमांकासह पत्र पाठविलें. उत्तर आलें कीं ती आवृत्ति बंद झाली आहे, तिची सीडी मिळणार नाहीं, नवी आवृत्ति विकत घ्यावी. नव्या आवृत्तींत जुनी फाईल उघडेल काय, या आमच्या प्रश्नास उत्तरच आलें नाहीं.

शेजारच्या दुकानांतील एक तरुण हें सारें ऐकत उभा होता. तो म्हणाला, “काका, कशाला एवढा खटाटोप ? लॉक तोडलेली कॉपी आहे माझ्याकडं. पेन ड्राइव्ह द्या, पाच मिनिटांत टाकून देतो.” दुकानदार क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, पंचवीस वर्षं पावतीनं धंदा केला. आता म्हातारपणी चोरीचा माल मशीनवर घालू ?”

त्या मनुष्यानें चोरी कधीं केली नव्हती. आणि आपलीच वस्तु आपल्या घरीं परत आणण्यास चोरीखेरीज दुसरा मार्ग त्यास कोणी दाखवीत नव्हतें. ही स्थिति ज्यांस स्वाभाविक वाटते, त्यांच्याशीं आमचा वाद आहे.

प्रथम हें स्पष्ट केलें पाहिजे कीं, हिशेबाचें किंवा चित्रें काढण्याचें एखादें सॉफ्टवेअर गमावणें आणि मराठी अक्षरांचें सॉफ्टवेअर गमावणें या दोन सारख्या हानि नव्हेत. त्याचें कारण या अक्षरांच्या रचनेंत आहे. ज्या काळीं संगणकास केवळ २५६ चिन्हांची पेटी ठाऊक होती, आणि तींतील बरेचसे कप्पे रोमन अक्षरांनीं व्यापिले होते, त्या काळीं मराठी अक्षरसंच करणाऱ्यांनीं एक युक्ति योजिली. रोमन अक्षरांच्याच कप्प्यांत त्यांनीं देवनागरीचे तुकडे बसविले : एकांत अर्धा क, दुसऱ्यांत काना, तिसऱ्यांत रफार. मग कळफलकावर मराठी टंकलें, कीं संगणक आपल्या समजुतीनें रोमन अक्षरेंच साठवी, आणि पडद्यावर मात्र मराठी उमटे. युक्ति चतुर होती, परंतु कोणता तुकडा कोणत्या कप्प्यांत ठेवावा हें प्रत्येक कारखानदारानें आपल्यापुरतें ठरविलें. एकाच्या कप्प्यांतील ‘म’ हा दुसऱ्याच्या कप्प्यांत भलतेंच कांहीं असे. यामुळें त्या फाईलींत मराठी मजकूर असा नसतोच. असतात ते कप्प्यांचे क्रमांक, आणि ते वाचावयाचे ते त्या विशिष्ट अक्षरसंचानेंच. तो अक्षरसंच गेला कीं मजकूर गेला. हिशेबाचें सॉफ्टवेअर हरवलें तर माणूस नवें घेऊन आंकडे पुन्हां मांडील. येथें साधन हरवतांच त्या साधनानें लिहिलेलें सर्व मुकें होतें.

हा इतिहास सांगतांना आम्हांस त्या कारखानदारांची निंदा करावयाची नाहीं. १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, कानपूरच्या आय.आय.टी.मध्यें आरंभिलेलें जिस्ट नांवाचें भारतीय लिप्यांचें तंत्र तिनें पुढें वाढविलें, आणि तिच्या आयएसएम या साधनावर सरकारी कचेऱ्यांतून मराठी लिहिली गेली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपि, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृति, हीं नांवें ठाऊक नाहींत असा जुना डीटीपीचालक विरळा. अल्डस कंपनीनें १९८५ मध्यें काढिलेला आणि १९९४ पासून अडोबीच्या मालकीचा झालेला पेजमेकर हा पृष्ठें मांडण्यास, आणि यांपैकीं एखादा अक्षरसंच मजकूर भरण्यास, एवढ्या भांडवलावर जिल्ह्याजिल्ह्यांतून दुकानें निघालीं. दिवाळी अंक, पंचांगें, लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे अहवाल, शाळांचीं स्मरणिका-पुस्तकें हीं सर्व त्यांतून बाहेर पडलीं. खिळ्यांच्या जुळणीस जेथें महिना लागे तेथें आठवडा लागूं लागला. हें ऋण आम्ही मान्य करतों.

परंतु ऋण मान्य करणें निराळें आणि गहाणखत लिहून देणें निराळें. सर्वांस सामाईक असा मार्ग तेव्हांहि उपलब्ध होता. भारतीय लिप्यांसाठीं इस्की नांवाची सांकेतिक पद्धति मानक क्रमांक १३१९४ म्हणून १९९१ मध्येंच प्रसिद्ध झाली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत त्याच वर्षीं देवनागरीस जागा मिळाली. आणि विंडोज २००० पासून सामान्य संगणकावर युनिकोडमधील मराठी लिहितां येऊं लागली. तरीहि पेजमेकरला ती लिपि उमगत नसल्यामुळें, आणि हातास जुनी संवय असल्यामुळें, आमचे छापखाने पुढें कैक वर्षें खासगी कप्प्यांतच मराठी भरीत राहिले. कित्येक अद्यापि भरीत आहेत. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ति, सातवी, २००१ मध्यें निघाली, आणि मग त्याचें नांव मागें पडलें. सोळा-बिटी बसवणीचीं जुनीं सॉफ्टवेअरें आजच्या चौसष्ट-बिटी विंडोजवर चालतच नाहींत. डाँगल बसवावयाचें तोंड नव्या संगणकांस नसतें. सीडी हातीं असली तरी ती घालण्याची खांचहि आतां बहुतेक लॅपटॉपांस उरलेली नाहीं. म्हणजे ज्याची सीडी हरवली तो आज अडला, आणि ज्याची सांपडली तो उद्यां अडणार आहे.

आमच्या जुन्या पिढ्यांनीं आपलें लिखाण कसें राखिलें, तें पाहण्यास बारामतीबाहेर जाण्याचें कारण नाहीं. मोरोपंतांनीं याच गांवीं राहून आर्या रचिल्या, आणि १७९४ मध्यें ते येथेंच निवर्तले. छापखान्यानें त्यांची कविता हातीं घेईपर्यंत ती टिकली ती नकलांवर. कोणा कीर्तनकारानें एक प्रत उतरून घेतली, तीवरून दुसऱ्यानें, आणि मूळ प्रत कोणाच्या घरीं आहे याची चौकशी करीत बसण्याची वेळ रसिकांवर आली नाहीं. तुकोबांची गाथा इंद्रायणींत बुडविली गेली तरी लोकांच्या मुखीं राहिली म्हणून तरली, ही आमची परंपराच आहे. नक्कल करणें ही आमच्याकडे विद्येची राखण होती. आज परवान्याच्या भाषेंत तोच शब्द गुन्ह्याचा झाला आहे. आणि गंमत अशी कीं, मूळ मालकाच्या घरींहि मूळ प्रत उरली नाहीं, तरी नक्कल हा गुन्हाच.

कोणी म्हणेल, लिप्या पूर्वींहि नष्ट झाल्या. मोडी गेली, तींत रडावयाचें काय? परंतु हें उदाहरण आमच्याच बाजूचें आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरांत मोडी कागदांचे ढीग आहेत. ते वाचणारे थोडे उरले हें खरें. तथापि मोडी शिकण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड काढला, तेव्हां मोडीच्या वळणांची मालकी सांगत कोणी त्यांच्या दारीं आला नाहीं. उद्यां एखाद्या मुलानें मनावर घेतलें, तर सहा महिन्यांत तो दोनशें वर्षांपूर्वींचें पत्र वाचूं लागेल. आणि वीस वर्षांपूर्वीं डीटीपीच्या दुकानांत जुळविलेली ओवी मात्र जगांतील कोणत्याहि पंडितास वाचतां येणार नाहीं, कां तर तिच्या कप्प्यांचा तक्ता एका कंपनीच्या कपाटांत आहे. छापखान्याचे खिळे तरी असे नव्हते. जावजी दादाजींनीं १८६९ मध्यें निर्णयसागर काढला; त्याच्या ओतशाळेंतील खिळे ज्यानें विकत घेतले त्याचे ते झाले. छापखान्यानें जागा बदलली म्हणून खिळ्यांनीं नवा परवाना मागितला नाहीं, आणि खिळे हरवले तरी पूर्वीं छापलेलीं पुस्तकें कोरीं झालीं नाहींत.

आतां विरुद्ध पक्षाचें म्हणणें ऐकूं. कारखानदार म्हणतात, आम्ही कुलुपें हौसेनें बसविलीं नाहींत. आणि हें अक्षरशः खरें आहे. मराठी सॉफ्टवेअरची बाजारपेठ मुळांत लहान. तींतहि एकानें विकत घ्यावें आणि दहांनीं उतरून घ्यावें, ही आमची रीत. जो ग्रंथकार आपलें पुस्तक कोणी झेरॉक्स केलें तर वर्तमानपत्रांत पत्र लिहितो, त्याचेंच पुस्तक चोरलेल्या अक्षरसंचानें जुळविलेलें असतें, आणि तें त्यास ठाऊकहि असतें. ज्या अभियंत्यांनीं एकेका जोडाक्षराचें वळण घांसून पुसून सिद्ध केलें, त्यांच्या श्रमाचें मोल आम्हीं फार थोड्या वेळां दिलें. हा डाग आमच्याच वस्त्रावरचा आहे, आणि तो झांकून आम्हांस वाद जिंकावयाचा नाहीं.

परंतु या युक्तिवादानें सिद्ध काय होतें ? कुलूप चोरासाठीं होतें एवढेंच. तें चोरास अडवूं शकलें नाहीं, हें त्या पांच मिनिटांच्या पेन ड्राइव्हनें दाखविलें. अडला तो पावतीवाला. जें कुलूप चोराच्या हातीं उघडतें आणि धन्याच्या हातीं उघडत नाहीं, त्याचें समर्थन चोरीच्या भीतीनें करतां येत नाहीं. शिवाय जी आवृत्ति कंपनी स्वतःच विकत नाहीं, तिच्या चोरीनें कंपनीचें कोणतें उत्पन्न बुडतें ? बंद पडलेल्या विहिरीवर पहारा ठेवून पाणी राखिल्याचा आव कोणी आणूं नये.

दुसरें म्हणणें असें कीं, सीडी हरवणें ही तुमची चूक. तिचा भुर्दंड तुम्हीच सोसा. चूक आमची, हें कबूल. परंतु भुर्दंड चुकीच्या मानानें असावा. सातबाऱ्याचा उतारा हरवला म्हणून शेतकऱ्याची जमीन जात नाहीं. तो तलाठ्याकडे जातो, फी भरतो, दुसरा उतारा घेतो. पदवीचें प्रमाणपत्र जळालें म्हणून पदवीधर पुन्हां परीक्षेस बसत नाहीं. बँकेचें पासबुक हरवलें म्हणून ठेव बुडत नाहीं. या सर्व ठिकाणीं नियम एकच : ज्याच्या दप्तरीं नोंद आहे, त्यानें ती पाहून नवी प्रत द्यावी. सॉफ्टवेअर विकणाऱ्याच्या दप्तरीं परवान्याचा क्रमांक आहे, घेणाऱ्याचें नांव आहे, तारीख आहे. विकलें काय, असें त्यास विचारा. तो म्हणेल, सीडी नव्हे, वापरण्याचा हक्क विकला. तसें असेल तर सीडी हें केवळ गांठोडें झालें. गांठोडें हरवलें म्हणून हक्क हरवत नाहीं. विकतेवेळीं ‘तुम्हांस वस्तु नव्हे, हक्क दिला’ असें म्हणावयाचें, आणि मागतेवेळीं ‘वस्तु कोठें आहे ?’ असें विचारावयाचें, हा दुटप्पीपणा झाला.

तिसरें म्हणणें कायद्याचें. येथें आमच्या वाचकांची समजूत बहुधा चुकीची असते, म्हणून थोडें विस्तारानें सांगतों. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें बावन्नावें कलम जीं कृत्यें गुन्हा नव्हेत त्यांची यादी देतें. संगणकाच्या आज्ञावलीची प्रत ज्याच्याजवळ कायदेशीरपणें आहे, त्यानें ती ज्या कामासाठीं मिळाली त्याच कामासाठीं वापरतां यावी म्हणून, आणि हरवणें, नष्ट होणें, बिघडणें यांपासून तात्पुरतें संरक्षण म्हणून राखीव प्रत केली, तर त्यानें कोणाचा हक्क मोडला असें होत नाहीं, हें त्या यादींत स्वच्छ लिहिलें आहे. २०१२ च्या दुरुस्तीनें जें कलम पासष्ट-अ आलें, तें तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें. परंतु तेंहि हक्कभंगाच्या हेतूनें तोडणाऱ्यास. कायद्यानें ज्यास मनाई केलेली नाहीं अशा कामासाठीं कुलूप काढणाऱ्यास तें कलम सूट देतें. दुसऱ्यास असें कुलूप काढून देणाऱ्यानें मात्र त्याची पुरी नोंद ठेवावी, असें बजावतें. उलट, चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्यास त्रेसष्ट-ब कलमाखालीं सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. आमचे दुकानदार पेन ड्राइव्हला भ्याले तें उगीच नव्हे.

यावरून दिसतें काय ? राखीव प्रत करण्याचा हक्क कायद्यानें दिला. परंतु ती प्रत करतां येणार नाहीं अशा बेतानें सीडी आणि फ्लॉपी घडविणाऱ्यास कायद्यानें कांहीं विचारिलें नाहीं. कुलूप लावणाऱ्याचें रक्षण केलें. परंतु कुलूप लावणाराच निघून गेला तर किल्ली कोणाकडे मागावी, हें लिहिलें नाहीं. एका हातानें दिलेलें दान दुसऱ्या हातानें परत घेण्याची मोकळीक विक्रेत्यास राहिली. या फटींतच आमच्या काटेवाडीच्या ओव्या पडल्या.

हें अपरिहार्य आहे असेंहि कोणी समजूं नये. २०१२ च्या अखेरीस अडोबीनें आपल्या क्रिएटिव्ह सूटच्या दुसऱ्या आवृत्तीची परवाना तपासणारी यंत्रणा बंद केली. तेव्हां पूर्वींच्या परवानाधारकांची सोय म्हणून, त्या तपासणीवांचून बसवितां येतील अशा प्रती व क्रमांक कंपनीनें उपलब्ध करून दिले. लक्षावधि ग्राहक असलेल्या परदेशी कंपनीस जें साधलें, तें आमच्या घरच्या कारखानदारांस असाध्य कां असावें ? मात्र २०१३ मध्यें त्याच कंपनीनें जाहीर केलें कीं, यापुढें आपलीं नवीं साधनें कायमचीं विकावयाचीं नाहींत, मासिक भाड्यानेंच द्यावयाचीं. म्हणजे हरवण्यासारखी सीडीच राहिली नाहीं, आणि तिच्याबरोबर मालकीहि राहिली नाहीं. भाडें थांबलें कीं दार बंद. ज्यांस जुन्या सीडीचा प्रश्न आतां शिळा झाला असें वाटतें, त्यांनीं एवढें ध्यानांत घ्यावें कीं, उद्यांचा प्रश्न याहून कठीण आहे, आणि त्याचें उत्तर आज या जुन्या प्रश्नाच्या निकालांतच ठरणार आहे.

आमच्या मागण्या चार आहेत, आणि त्यांपैकीं एकीनेंहि कोणाची चूल विझणार नाहीं. पहिली अशी कीं, विक्रेत्याच्या दप्तरांतील परवान्याची नोंद हीच हक्काची खूण मानावी, आणि ती पटल्यावर हरवलेल्या सीडीची दुसरी प्रत साहित्य व टपाल यांच्या खर्चांत द्यावी. दुसरी अशी कीं, जी आवृत्ति विकणें बंद झालें तिचें कुलूप त्याच दिवशीं काढावें, आणि तिच्या अक्षरसंचाच्या कप्प्यांचा तक्ता छापून सर्वांस मोकळा करावा. अक्षराचें वळण कारागिराचें असेल, तें त्यानें खुशाल राखावें; परंतु कितव्या कप्प्यांत ‘म’ आहे हें गुपित ठेवण्याचा हक्क त्यास आम्ही मानीत नाहीं. तिसरी मागणी सरकारकडे, विद्यापीठांकडे आणि महामंडळांकडे. मराठी सॉफ्टवेअरचे हे मोठे गिऱ्हाईक. खरेदीच्या करारांतच वरील दोन अटी घालण्यास त्यांस नव्या कायद्याचीहि आवश्यकता नाहीं. चौथी अशी कीं, १९५४ च्या कायद्यानें प्रत्येक प्रकाशकास आपल्या ग्रंथाची एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत, आणि एकेक इतर नेमलेल्या ग्रंथालयांत, भरावी लागते. त्या कायद्यांत ग्रंथ म्हणजे छापील कागद. ज्या आज्ञावलीवांचून उद्यां ग्रंथच वाचतां येणार नाहीं, तिचीहि एक बिनकुलपी प्रत ग्रंथालयांत जमा झाली पाहिजे.

परंतु मागण्या करून हात झटकणें हा आमचा स्वभावदोष आहे, म्हणून घरच्या मंडळींसहि चार शब्द सांगतों. ज्यांच्याजवळ जुनी सीडी शाबूत आहे, त्यांनीं हा लेख संपतांच तिची राखीव प्रत करावी. सीडी अमर नसते, आमच्या पावसाळ्यांत तर नाहींच. परवान्याचा क्रमांक सीडीच्या डबींत ठेवूं नये. डबीबरोबर तोहि जातो. त्याची नोंद तीन ठिकाणीं असावी. अक्षरसंचाच्या फाईली मजकुराच्या फाईलींशेजारींच साठवाव्या. छापून झालेल्या प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ काढून ठेवावी, कारण तींत निदान अक्षरांचीं चित्रें तरी राहतात. आणि जें जें शक्य तें युनिकोडमध्यें फिरवून घ्यावें. तो फिरविण्याचा व्यवहार वाटतो तितका सरळ नाहीं. जुन्या अक्षरसंचांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधीं साठविलेली असते, आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्यें उच्चाराचा क्रम असल्यामुळें दोन्ही उलट. ‘किती’ आणि ‘तर्क’ हे साधे शब्द फिरवितांनाहि यंत्र अडखळतें, व मागून माणसास डोळ्यांत तेल घालून तपासावें लागतें. हें काम आज कंटाळवाणें आहे. दहा वर्षांनीं तें अशक्य होईल.

आमच्या ओव्यांचें काय झालें, तें सांगून थांबतों. ज्या संचांत त्या जुळविल्या होत्या, त्याच्या कप्प्यांचा तक्ता कोणा अनोळखी मनुष्यानें जुनीं छापील पुस्तकें समोर ठेवून, एकेक चिन्ह ओळखून, फुकट तयार करून ठेविला होता. विक्रेत्यानें जें दिलें नाहीं, कायद्यानें जें देवविलें नाहीं, तें त्या मनुष्याच्या चिकाटीनें मिळालें. तक्त्यावरून मजकूर युनिकोडमध्यें आला. रफार पुष्कळ ठिकाणीं भलत्या अक्षरांवर चढले होते, ते आमच्या स्नेह्यांनीं तीन आठवडे बसून उतरविले. हार्ड डिस्कच्या बिघाडानें अकरा ओव्या मध्येंच तुटल्या होत्या. त्या घेऊन ते आपल्या थोरल्या भगिनींकडे गेले. वय सत्त्याऐंशी, जात्यास हात लागून कैक वर्षें लोटलेलीं. ओवीचा पहिला चरण वाचून दाखवावा, आणि त्यांनीं डोळे मिटून दुसरा म्हणावा, असें करीत नऊ पुऱ्या झाल्या. दोन त्यांसहि आठवल्या नाहींत. पुस्तकांत त्यांची जागा आम्हीं कोरी ठेविली आहे.

दुकानदारांनीं पेन ड्राइव्ह घेतला नाहीं, आणि नवी आवृत्तिहि घेतली नाहीं. पावती, परवाना आणि डाँगल त्यांनीं पुन्हां लोखंडी कपाटांत नीट ठेवून दिले. त्यांच्यासारख्या प्रामाणिक गिऱ्हाइकांनीं आतां तीं कपाटें उघडावींत, परवान्याचा कागद हातीं घेऊन विक्रेत्याच्या दारीं उभें राहावें, आणि भीक म्हणून नव्हे तर येणें म्हणून आपली प्रत मागावी. एकानें मागितली तर नकाराचें पत्र येईल. शंभरांनीं मागितली तर उत्तर बदलावें लागेल.